१० नोव्हेंबर की मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी?

साताऱ्यात शिवप्रताप दिनाच्या, म्हणजे शिवाजी महाराजांनी अफजलखानाचा वध केला त्या दिवसाच्या, शुभेच्छा दोनदा येतात. एकदा १० नोव्हेंबरला आणि पुन्हा चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी. प्रतापगडावरचा सोहळा तिथीनेच होतो. मग दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "खरा दिवस कुठला?"

वाईत तळ देऊन बसलेला अफजलखान जावळीत उतरला आणि गडाच्या पायथ्याशी मारला गेला, त्या दिवसाची मराठी नोंद अशी आहे: शके १५८१, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार. म्हणजे मूळ नोंद तिथीची. तिथी चंद्रावर चालते. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून सण दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातात. त्यामुळे ही सप्तमी हल्ली नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येते. १० नोव्हेंबरला मात्र येत नाही.

मग १० नोव्हेंबर आलं कुठून? त्या तिथीला जुळणारी ती इंग्रजी तारीखच आहे, पण जुन्या, ज्युलियन कॅलेंडरातली. इंग्रजांनी आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर १७५२ साली स्वीकारलं. त्याआधीची सुरतेच्या वखारीतली त्यांची पत्रं ज्युलियन तारखांची, आणि शिवकालाच्या तारखा आपल्याकडे त्याच पद्धतीने रूढ झाल्या. गोव्याच्या पोर्तुगीजांनी तोवर नवं कॅलेंडर घेतलं होतं. त्यांच्या हिशेबाने तो दिवस २० नोव्हेंबर १६५९.

हे पडताळायला वार पुरेसा आहे, आणि मला ही पडताळणी फार आवडते. आजचं कॅलेंडर तसंच मागे नेलं तर १० नोव्हेंबर १६५९ ला सोमवार येतो. ज्युलियन पद्धतीने मोजलं की गुरुवार येतो, अगदी शकावलीत, म्हणजे घटनांच्या शकवार जुन्या नोंदींत, आहे तसा. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी वार लिहून ठेवला म्हणून आज आपल्याला हा गुंता सोडवता येतो.

शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० (फाल्गुन वद्य तृतीया) आणि राज्याभिषेकाची ६ जून १६७४ (ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी) याही ज्युलियनच तारखा.

साजरा करायला दोन्ही दिवस चांगले. फलकावर मात्र तिथी, शक आणि वार लिहावेतच, असं माझं ठाम मत आहे. अंतर मोजताना तर एकच पद्धत धरायला हवी. खानाच्या वधानंतर महाराजांनी पन्हाळा घेतला तो २८ नोव्हेंबरला, म्हणजे अठरा दिवसांत. एक तारीख नव्या कॅलेंडरातली आणि दुसरी जुन्यातली घेतली, तर हेच अंतर आठ दिवसांचं दिसेल आणि जावळीपासून पन्हाळ्यापर्यंतची सगळी मोहीम चुकीची वाचली जाईल.