पीएम किसानचा नवा अर्ज: १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख आडवी का येते

१ फेब्रुवारी २०१९ रोजी पीयूष गोयल यांनी मांडलेल्या अंतरिम अर्थसंकल्पात पीएम किसान, म्हणजे शेतकऱ्याच्या खात्यात थेट पैसे देणारी केंद्राची योजना, जाहीर झाली. वर्षाला ६,००० रुपये, दर चार महिन्यांनी २,००० असे. सुरुवातीची २ हेक्टरांची मर्यादा त्याच वर्षी उठली, पण अर्थसंकल्पाची तारीख पात्रतेची तारीख म्हणून कायम राहिली. त्या दिवशी सातबाऱ्यावर तुमचं नाव मालक म्हणून असायला हवं. नंतर विकत घेतलेली, बक्षीसपत्राने मिळालेली किंवा वडील हयात असताना वाटणीने आलेली जमीन चालत नाही. सवलत एकच, मृत्यूनंतरचा वारसा.

वारसाच्या अर्जातच घोळ जास्त होतो. फक्त स्वतःच्या नावाचा ताजा सातबारा जोडला, तर फेरफाराची, म्हणजे मालकाचं नाव बदलल्याच्या नोंदीची, तारीख २०१९ नंतरची दिसते आणि अर्ज नामंजूर होतो. म्हणून वडिलांच्या नावाचा जुना सातबारा किंवा फेरफार, मृत्यूचा दाखला आणि वारसाचा फेरफार हे सगळं एकत्र जोडा. फेरफार मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केलेला हवा. तलाठ्याने नुसती नोंद धरली म्हणजे काम झालं असं समजू नका.

बटईने कसणाऱ्याला लाभ नाही. देवस्थानाच्या नावावरच्या इनाम जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यालाही नाही, आणि ही या योजनेतली सगळ्यात सलणारी उणीव आहे. नवरा, बायको आणि १८ वर्षांखालची मुलं मिळून एक कुटुंब, त्यात एकालाच पैसे. सरकारी नोकरदार (चतुर्थ श्रेणी सोडून), महिना १०,००० किंवा त्याहून जास्त निवृत्तिवेतन घेणारे, व्यवसाय करणारे नोंदणीकृत डॉक्टर-वकील आणि मागच्या वर्षी आयकर भरलेले यांना योजनेतून वगळलं आहे. इथे नीट लक्ष द्या: अट कर भरल्याची आहे. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी शून्य कराचं विवरणपत्र भरलं म्हणून कोणी अपात्र होत नाही.

अर्जाआधी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, काढून घ्या. त्याशिवाय नवी नोंदणी पुढे सरकत नाही. मग पीएम किसानच्या संकेतस्थळावर किंवा सेवा केंद्रात ‘नवीन शेतकरी नोंदणी’ उघडा. सातबारा, आठ-अ, फेरफार, नवरा-बायको व मुलांची आधार कार्डं आणि रेशन कार्ड जवळ ठेवा. नाव आधारवर आहे तसंच लिहा. नोंदणी क्रमांक जपून ठेवा, पुढे स्थिती त्यावरच पाहायची असते.

मंजुरीनंतरही हप्ता आला नाही, तर स्थितीत तीन गोष्टी पाहा: जमिनीची नोंद जोडली आहे का, ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झाली का, बँक खातं आधारशी जोडलं आहे का. जमिनीसमोर ‘नाही’ असेल तर तालुक्याला जावं लागतं. बँकेत केवायसीचे कागद दिले म्हणजे आधार जोडणी झाली असं नाही. थेट लाभासाठीची जोडणी वेगळी मागावी लागते. काम लवकर हवं असेल तर पोस्ट पेमेंट्स बँकेत खातं उघडा.

बीड, धाराशिवकडून ऊसतोडीला जाणाऱ्यांनी ई-केवायसी निघण्याआधीच उरकावी. कोयता धरून बोटांचे ठसे झिजतात, यंत्र ते घेत नाही, आणि आधारचा मोबाइल नंबर बंद असेल तर ओटीपीही येत नाही. अशा वेळी पीएम किसानच्या मोबाइल ॲपमध्ये चेहरा दाखवून ई-केवायसी होते. ठसा लागत नाही, ओटीपीही लागत नाही. तक्रारीसाठी १५५२६१.

राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे वर्षाचे ६,००० याच यादीवरून मिळतात, त्यासाठी वेगळा अर्ज करायचा नाही.