चार मजले पाणी चढतं तिथली घरं

ब्राझीलच्या आमाझोनास राज्यात, तेफे शहराजवळ, सोलिमोइस आणि जापुरा या दोन नद्यांच्या बेचक्यात मामिराउआ नावाचं राखीव जंगल आहे. क्षेत्र 11 लाख हेक्टरांहून थोडं जास्त. 1996 साली त्याला असा दर्जा मिळाला की जंगल राखायचं, पण तिथल्या माणसांना बाहेर काढायचं नाही. इथल्या नदीकाठच्या लोकांना रिबेइरिन्यो म्हणतात. वस्त्या बहुतेक लहान, दहा-वीस घरांच्या. रस्ता नाही, जे काही येतं-जातं ते होडीनेच.

या जंगलात पाण्याची पातळी दरवर्षी 10 ते 12 मीटर वर-खाली होते, म्हणजे चार मजली इमारतीएवढी. अ‍ॅमेझॉनच्या या टापूत जमिनीला उतार नाहीच म्हणायचा, किलोमीटरला दोन-तीन सेंटिमीटर. अँडीज पर्वतात पडलेला पाऊस इथवर यायला वेळ लागतो आणि आल्यावर पाणी लवकर ओसरत नाही. जूनच्या आसपास पाणी सर्वात वर, ऑक्टोबरच्या सुमारास सर्वात खाली. आपल्याकडे पूर म्हणजे दोन-चार दिवसांची आपत्ती. तिथे तो ऋतू आहे, आणि सगळं जगणं त्याच्याच मापाने बेतलेलं आहे.

घरं लाकडी खांबांवर असतात. घरातल्या जमिनीची उंची ठरवताना मागच्या मोठ्या पुराची खूण पाहतात आणि तिच्या थोडं वर फळ्या ठोकतात. पाणी त्याहूनही चढलं, तर घरातल्या घरात तात्पुरती दुसरी फळ्यांची जमीन घालतात. मग छप्पर डोक्याला लागतं आणि महिनाभर वाकून वावरावं लागतं. कोथिंबीर आणि कांद्याची पात जुन्या फुटक्या होडीत माती भरून, ती होडी खांबांवर चढवून लावलेली असते. काही कुटुंबं तरंगत्या घरात राहतात. त्याखाली असाकू या झाडाचे जाडजूड ओंडके असतात. हे लाकूड हलकं आणि पाण्यात बरीच वर्षं टिकणारं. मात्र पाणी उतरताना घर वेळीच खोल पाण्यात ओढून न्यावं लागतं. उशीर झाला तर ते उंचसखल चिखलावर बसतं, एका बाजूला कलतं आणि सांधे उखडतात.

पाणी उतरताना आणखी एक धोका असतो. महिनोन्महिने भिजलेल्या काठाला समोरच्या पाण्याचाच आधार असतो. तो आधार झपाट्याने गेला की आतल्या पाण्याच्या वजनाने काठ ढासळतो, कधी झाडांसकट. म्हणून इथली गावं कायम एका जागी राहत नाहीत.

ओसरलेलं पाणी अँडीजचा गाळ मागे ठेवतं. त्या मळईत कसावा लावतात. उंच जमिनीवर या कंदाला वर्षभर किंवा जास्त वेळ देता येतो; इथे सहा महिन्यांत तयार होणारे वाणच चालतात. पाणी आठवडाभर आधी आलं तर कंद जमिनीतच कुजतात. ते टाळायला सगळं शेत एकदम उपटावं लागतं, आणि उपटलेला कंद दोन-तीन दिवसांतच खराब होऊ लागतो. अशा वेळी घरातलं प्रत्येक माणूस भट्टीपाशी.

कडू कसाव्यात लिनामॅरिन नावाचं संयुग असतं. ते पेशीत एका जागी आणि त्याला फोडणारं विकर दुसऱ्या जागी असतं. कंद ठेचला की दोघं एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड हे विष सुटतं. ते 26 अंश सेल्सिअसलाच उकळतं, त्यामुळे उघड्यावर आणि आचेवर उडून जातं. म्हणून कंद तीन-चार दिवस पाण्यात भिजवून मऊ करायचे, सोलून कुस्करायचे, वेताच्या विणलेल्या लांब नळीत भरून पिळायचे. या नळीला तिपिती म्हणतात. ती ताणली की अरुंद होते आणि लगद्यातला रस निथळतो. लगदा चाळायचा आणि मोठ्या सपाट कढईत लाकडी फावड्याने सतत हलवत भाजायचा. आच फार झाली तर दाणा बाहेरून करपतो, आत ओल राहते आणि पोत्यात बुरशी धरते. घाई केली, भिजवणं कमी पडलं, तर विष राहतं. पिळलेला रसही फेकत नाहीत. बराच वेळ उकळून त्याचं आंबट कालवण करतात.

भाजलेल्या या रव्याला फारिन्या म्हणतात. शेजारच्या उआरिनी गावाच्या फारिन्याला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचे दाणे वळून गोल करतात, पिवळे, माशाच्या गाभोळीसारखे. मराठी माणसाला पहिल्यांदा साबुदाणाच आठवेल, आणि ते अगदी चूक नाही. आपल्या उपासाचा साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमकडे याच कंदाच्या पिठापासून बनतो.

पैसा मात्र येतो पिरारुकूतून. हा मासा तीन मीटरपर्यंत वाढतो, वजन 200 किलोपर्यंत जातं. अतिमासेमारीने तो संपत आला होता. मामिराउआत 1999 पासून तो मोजून पकडतात. मोजणी शक्य होते त्याच्या श्वासामुळे: पिरारुकूला गुदमरायचं नसेल तर साधारण दर पाच ते वीस मिनिटांनी वर येऊन हवा घ्यावीच लागते. पाणी कमी असताना मोजणारे तळ्यात रांगेने उभे राहतात. प्रत्येकाच्या वाट्याला जास्तीत जास्त दोन हेक्टर पाणी आणि 20 मिनिटं. वर आलेला मासा दीड मीटरहून मोठा की एक ते दीड मीटरमधला, हे आवाजावरून आणि पाण्याच्या खळबळीवरून सांगायचं. 20 मिनिटं संपली की सगळे एकदम पुढे सरकतात, म्हणजे तोच मासा दोनदा मोजला जात नाही. वारा सुटला, लाटा उठल्या की मोजणी फसते. लिआंद्रो कास्तेलो या संशोधकाने माशांना खुणा करून सोडण्याच्या पद्धतीशी ही मोजणी ताडून पाहिली. अनुभवी कोळ्यांचे आकडे जुळले.

मोठ्या माशांपैकी जास्तीत जास्त 30 टक्के पकडायची परवानगी इबामा ही केंद्रीय पर्यावरण यंत्रणा देते. मोजणीत 400 मोठे मासे निघाले तर 120. डिसेंबर ते मे बंदी, कारण तेव्हा पाणी चढतं, मासा घरटं करतो आणि नर पिलांना सांभाळतो. पकडलेल्या प्रत्येक माशाला क्रमांकाचं सील लागतं. मग साफ करून लगेच बर्फात. बर्फ शहरातून होडीने येतो, आणि साधारण किलोला किलो लागतो.

ही सगळी विद्या चढणाऱ्या पाण्याची आहे. 2023 आणि 2024 साली मात्र पाणी उतरतच गेलं. राज्याची राजधानी मानाउस इथे निग्रो नदीची पातळी 2021 मध्ये विक्रमी 30.02 मीटर होती. ती 2023 मध्ये 12.70 आणि पुढच्या वर्षी 12.11 मीटरवर आली. तेफेच्या सरोवरात 28 सप्टेंबर 2023 ला पाण्याचं तापमान 39.1 अंश सेल्सिअसवर गेलं आणि त्या सुमारास दोनशेहून अधिक नदी-डॉल्फिन मेले. वस्त्यांचे कालवे आटले. फारिन्याची पोती चिखलातून पाठीवर न्यावी लागली, शाळा बंद पडल्या, आणि चहूकडे नद्या असूनही प्यायला पाणी नव्हतं.

यातला पाण्याचा भाग सर्वात सोपा आहे. 40 चौरस मीटर पत्र्यावर 25 मिलिमीटर पाऊस पडला की 1,000 लिटर मिळतात. पहिलं मळकं पाणी सोडून आणि गळती धरून 800. पन्हाळ आणि 5,000 लिटरची टाकी असेल, तर सहा माणसांना दिवसाला प्रत्येकी 20 लिटरप्रमाणे 40 दिवस पुरतं. पिण्यासाठी 2.5 टक्के हायपोक्लोराइट या क्लोरीनच्या द्रावणाचे लिटरला दोन थेंब, आणि अर्धा तास थांबायचं. नदीचं गढूळ पाणी आधी निवळून, गाळून न घेता थेंब टाकले तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. लोकांचा त्यावरचा विश्वास उडतो तो इथेच. शिक्षणाचं थोडं मार्गी लागलंय: 2007 पासून मानाउसहून उपग्रहाद्वारे माध्यमिकचे वर्ग घेतले जातात, अर्थात वीज असेल तेव्हा.

अवघड आहे ते मासेमारीचं. कोटा आदल्या वर्षीच्या मोजणीवर मिळतो, त्यामुळे पकडायला लवकर निघता येईल असं वाटतं. पण जुलै-ऑगस्टमध्ये मासा अजून बुडालेल्या जंगलात पांगलेला असतो, जाळं टाकायला जागा नसते. तो तळ्यात गोळा होईपर्यंत थांबावं, तर दुष्काळी वर्षी तोवर कालवा आटतो; शंभर किलोचा मासा हाती येतो आणि बर्फाची होडी काही किलोमीटर दूर चिखलात रुतलेली असते.