जुन्या सर्व्हरची आयएसओ: फाइल कुणाचीही, ठसा मूळ कंपनीचाच

समजा, महापे एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात विंडोज सर्व्हर २००८ आर२ वर चालणाऱ्या मशीनची हार्ड डिस्क गेली. कपाटातली डीव्हीडी चरे पडून निकामी झालेली. यंत्राचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही आणि नवं यंत्र घ्यायला मालक तयार नाही. अशा वेळी नेटवर 'प्री-ॲक्टिव्हेटेड', म्हणजे लायसन्सची चावी न मागणारी, आयएसओ (अख्ख्या डीव्हीडीची एका फाइलमधली नक्कल) पाच मिनिटांत सापडते. तिच्या वाटेला जाऊ नये. कुणीतरी त्या फाइलच्या आत हात घातलेला आहेच. आणखी काय ठेवून दिलंय, हे त्यालाच ठाऊक.

सरळ वाटा कमी झाल्या आहेत, पण संपलेल्या नाहीत. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टच्या व्हॉल्यूम लायसन्सचं (कंपन्यांनी घाऊक घेतलेला परवाना) किंवा व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्रॅमरांच्या साधनाच्या सबस्क्रिप्शनचं लॉगिन आपल्याकडे आहे का, हे आधी तपासावं. सर्व्हर लिनक्सवर असेल, तर सेंटओएस या लिनक्सच्या जुन्या आवृत्त्या 'व्हॉल्ट' नावाच्या संग्रहात ठेवलेल्या आहेत. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सचेही असे संग्रह आहेत.

आणि मित्राच्या पेन ड्राइव्हवरून मिळालेली आयएसओ? तीही चालेल, ठसा जुळला तर. एसएचए-२५६ ही गणिती पद्धत कितीही मोठ्या फाइलमधून ६४ अक्षरांचा एक ठसा काढते. तीन जीबीच्या फाइलमधला एक बिट बदलला, तरी अख्खा ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. विंडोजमध्ये सर्टयुटिल हा आदेश तो काढून देतो, लिनक्समध्ये एसएचए२५६सम. जाता जाता: ठसा 'ई३बी०सी४४२'ने सुरू झाला, तर डाउनलोड झालेलंच नाही. तो रिकाम्या फाइलचा ठसा आहे, जगभर हाच.

पण ठसा जुळवायचा कशाशी? झेरॉक्स कुठल्याही दुकानात काढा, सही-शिक्का अधिकाऱ्याचाच लागतो. ज्या पानावरून फाइल घेतली त्याच पानावरचा ठसा पुरेसा नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटची वेबसाइट फोडून डाउनलोडची लिंकच बदलली गेली होती; असं करणाऱ्याला शेजारचा आकडा बदलायला कितीसा वेळ? म्हणून सेंटओएस ठशांच्या यादीवर डिजिटल सही करतं. ती तपासायला लागणारी चावी दुसऱ्या, खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावी. जुन्या पानांवर फक्त एमडी५ या जुन्या पद्धतीचा ठसा दिलेला असतो. डाउनलोड अर्धवट राहिलं का, एवढंच त्यावरून बघावं. एकच एमडी५ असलेल्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात, हे २००४ मध्येच दाखवलं गेलंय.

फाइल अस्सल निघाली तरी नेटवर्कची केबल लगेच जोडू नका. अस्सल म्हणजे जुनी भोकंही अस्सल! जून २०१७ मध्ये नॉटपेट्याने न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत केलं. हा व्हायरस पसरण्याच्या वाटांपैकी एक होती विंडोजच्या फाइल शेअरिंगमधली त्रुटी. तिचा पॅच, म्हणजे ती बुजवणारी दुरुस्ती, मार्च २०१७ मध्ये आला, म्हणजे २००८ आर२ च्या मूळ डीव्हीडीत तो असणं शक्यच नाही. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून पॅच दुसऱ्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हने न्यावेत. इथे एक मेख आहे: २०१९ च्या मध्यापासूनचे पॅच एसएचए-२ या नव्या पद्धतीच्या डिजिटल सहीचे आहेत आणि ही सही ओळखायला जुन्या विंडोजला आधी वेगळं अपडेट द्यावं लागतं. ते न देता पुढचे पॅच लावायला गेलात, तर ते बसतच नाहीत.