गर्भाशयातील फायब्रॉइडची विरळ गुंतागुंत

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंत वाढणारी, कर्करोग नसलेली गाठ. पाळीत अंगावरून जास्त जाणे आणि त्यातून रक्तक्षय हा तिचा नेहमीचा त्रास. विरळ गुंतागुंतीत गाठ कुठे आहे आणि तिला रक्त कसे पोचते याला फार महत्त्व असते.

गरोदरपणात, बहुधा चौथ्या ते सहाव्या महिन्यात, मोठ्या गाठीला रक्त अपुरे पडून तिचा आतला भाग मरतो आणि साकळलेल्या रक्ताने लाल होतो. याला रेड डीजनरेशन म्हणतात. गाठीवर बोट ठेवले तरी सोसवत नाही. बारीक ताप आणि उलट्या होतात, पांढऱ्या पेशी वाढतात. अपेंडिक्सचा संशय येणे साहजिक असल्याने, दुखरी जागा नेमकी गाठीवरच आहे का, हे सोनोग्राफी करताना दाबून पाहावे. विश्रांती, सलाइन आणि पॅरासिटामॉलवर दुखणे बहुधा काही दिवसांत ओसरते. २० आठवड्यांनंतर आयबुप्रोफेनसारखी औषधे टाळतात, कारण बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. शस्त्रक्रियाही शक्यतो टाळतात, कारण गरोदर गर्भाशयाचा रक्तस्राव आवरणे कठीण जाते.

देठाने गर्भाशयाला जोडलेल्या गाठीला पीळ पडला तर मात्र वाट पाहू नये. दुखणे अचानक सुरू होते आणि निदान अनेकदा शस्त्रक्रियेतच पक्के होते. गाठीवरची फुगलेली शीर फुटून पोटात रक्त साठणे अतिविरळ, पण जिवावर बेतणारे.

मागच्या भिंतीतली किंवा गर्भाशयमुखाची गाठ ओटीपोटात अडकली, की लघवी तुंबते. कॅथेटरने सुटका होते, पण गाठ तशीच राहिली तर त्रास पुन्हा उद्भवू शकतो.

बाळंतपण, गर्भपात किंवा एम्बोलायझेशननंतर (गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याच्या उपचारानंतर) ताप हटत नसेल आणि दुसरे कारण सापडत नसेल, तर गाठीत पू झाला आहे का, हे तपासलेच पाहिजे. मेलेल्या भागात रक्त पोचत नाही, म्हणून नुसती अँटिबायोटिक सहसा पुरत नाहीत; पू किंवा गाठ काढावी लागते.

काही गाठी एरिथ्रोपोएटिन, म्हणजे लाल पेशी वाढवणारे संप्रेरक, तयार करतात. मग रक्तक्षयाऐवजी हिमोग्लोबिन प्रमाणाबाहेर वाढते आणि गाठ काढल्यावर पूर्ववत होते. त्याहून दुर्मीळ म्हणजे फायब्रॉइडसारखी वाढ शिरांमधून सरकत हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत पोचणे; अशा रुग्णाला धाप लागते किंवा ती बेशुद्ध पडते, आणि गर्भाशयाकडे कोणाचे लक्षच जात नाही.