आंतरदेशीय संघटित गुन्हेगारीवरचा छोटा कोर्स: अर्ज कोणी करावा, कागदपत्रं कोणती लागतात

एक ते तीन आठवडे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत वर्ग, रात्री वाचन. विद्यापीठं, संशोधन संस्था आणि संयुक्त राष्ट्रांशी जोडलेली प्रशिक्षण केंद्रं असे कोर्स घेतात. अमली पदार्थ, माणसांची तस्करी, शस्त्रं, सायबर फसवणूक हे विषय तर असतातच, पण सगळ्यांच्या मुळाशी असतो तो पैसा: कुठून आला, कुठे मुरला.

अर्जाला हात लावण्यापूर्वी एक दस्तऐवज वाचून ठेवा. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार, म्हणजेच पालेर्मो करार. २००० साली तो मंजूर झाला आणि २९ सप्टेंबर २००३ पासून लागू आहे. सह्यांसाठी इटलीच्या सिसिली बेटावरचं पालेर्मो शहर निवडलं गेलं. फाल्कोने आणि बोर्सेलिनो या दोन माफियाविरोधी न्यायाधीशांना १९९२ मध्ये दोन महिन्यांच्या आत स्फोटांत मारलं गेलं, ते याच शहरात आणि त्याच्या वेशीवर. करारानुसार टोळी म्हणजे तीन किंवा अधिक माणसं, काही काळ टिकलेला गट, गंभीर गुन्हा आणि आर्थिक किंवा भौतिक लाभाचा हेतू. गंभीर म्हणजे ज्याची कमाल शिक्षा किमान चार वर्षं आहे असा. ही व्याख्या पुढे उद्देशपत्रात, म्हणजे कोर्स का करायचा आहे हे सांगणाऱ्या पत्रात, कामी येते.

पात्रतेत गुंतागुंत फारशी नाही. कायदा, गुन्हेगारीशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, पत्रकारिता यांतली पदवी किंवा शेवटच्या वर्षाचा प्रवेश. नाहीतर पोलीस, कस्टम्स, सरकारी वकील, बँकेचा अनुपालन विभाग (व्यवहार नियमांत बसतात का ते बघणारा), स्वयंसेवी संस्था अशा ठिकाणचा अनुभव. वयाची अट क्वचितच असते. वर्ग इंग्रजीत असेल तर भाषेचा दाखला मागतात, बरेचदा युरोपीय मोजपट्टीवरची बी २, म्हणजे मध्यमच्या वरची, पातळी. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर विद्यापीठाचं तसं पत्र चालतं का, हे आधी मेलवर विचारून घ्या. परीक्षेची फी वाचू शकते.

कागदपत्रं साधारण अशी: बायोडेटा (दोन पानांत मावेल असा), पदवी प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका, पासपोर्टची प्रत, एक-दोन शिफारसपत्रं, उद्देशपत्र. मूळ कागद दुसऱ्या भाषेत असतील तर प्रमाणित भाषांतर. काही ठिकाणी अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) लागतं, पण मागितल्याशिवाय त्यामागे धावू नका.

नोकरदारांसाठी मात्र खरी अडचण ना हरकत प्रमाणपत्राची. माझ्या एका मित्राची फाइल तीन टेबलांवरून फिरली आणि सही झाली ती मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यामुळे कोर्सची घोषणा दिसताच, बाकी काही तयार नसलं तरी, कार्यालयात अर्ज टाका. त्यात तारखा, खर्च कोण करणार आणि रजा कुठल्या प्रकारची हे तिन्ही स्पष्ट लिहा. फाइल परत येते ती बहुधा यातलं एखादं राहिल्यामुळे.

उद्देशपत्रावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. ‘मला लहानपणापासून गुन्हेगारीचं आकर्षण आहे’ असली सुरुवात वाचून निवड समिती कंटाळलेली असते. त्यापेक्षा एक प्रश्न घ्या. उदाहरणार्थ: ‘ऑनलाइन फसवणुकीचे कॉल एका देशातून येतात, खाती दुसऱ्या देशात असतात आणि पैसे बुडतात तिसऱ्या देशातल्या माणसाचे. अशा वेळी पुरावा वेळेत मिळवण्यासाठी परस्पर कायदेशीर साहाय्य कुठे अडतं, हे मला समजून घ्यायचं आहे.’ (परस्पर कायदेशीर साहाय्य म्हणजे तपासात आणि खटल्यात देशांनी एकमेकांना केलेली मदत.) एवढ्यात तुमचं काम, विषयाची जाण आणि कोर्सची गरज तिन्ही दिसतात. पालेर्मो करारात गुन्हा ‘आंतरदेशीय’ कधी ठरतो याच्या चार कसोट्या आहेत. गुन्हा एकाच देशात घडला, पण आखणी किंवा सूत्रं दुसरीकडे असली, तरी तो त्यात बसतो. तुमचं उदाहरण कुठल्या कसोटीत बसतं ते एका वाक्यात लिहा.

तपास यंत्रणेत असाल तर एक पथ्य पाळा: चालू प्रकरणातली नावं, खाते क्रमांक, खबऱ्याचा उल्लेख पत्रात चुकूनही येऊ देऊ नका. ज्या माणसाला गोपनीयता कळत नाही त्याला या वर्गात जागा नाही, असंच वाचणारा समजतो, आणि त्यात त्याचं काही चूक नाही.

फीच्या आकड्यात राहणं-जेवण धरलं आहे का ते नीट बघा. शुल्कमाफी किंवा शिष्यवृत्ती हवी असेल तर तिची मुदत अनेकदा आधीची असते आणि अर्जही वेगळा.

निवड झाली की व्हिसा. कोर्स शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) असेल तर प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा, आणि परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान तीन महिने वैध असायला हवा. संस्थेचं निमंत्रणपत्र जोडताना त्यावरचं तुमच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. एक अक्षर इकडेतिकडे असेल तर पत्र लगेच बदलून मागा.