संगणकाचे कॅबिनेट व मदरबोर्डचे आकार (बेळगाव सीमाभाग)

डेस्कटॉप संगणकाचे भाग ज्या पत्र्याच्या खोक्यात बसवतात त्याला बाजारात कॅबिनेट म्हणतात. बोलताना मात्र बेळगाव, खानापूर, निपाणीपासून कारवार-हल्याळ आणि तिकडे बीदर-भालकीपर्यंत त्या सबंध खोक्यालाच ‘सीपीयू’ (खरे तर आतल्या प्रोसेसरचे नाव) म्हणायची सवय आहे. बोर्ड (मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्याला जोडतात तो मुख्य बोर्ड) बसला म्हणजे कॅबिनेट बरोबर निवडले, असा सर्वसाधारण समज असतो. तो अर्धाच खरा. बोर्ड बहुधा बसतोच. अडते ते प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या उंचीपाशी, पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक कार्डाच्या लांबीपाशी आणि हवा आत यायच्या वाटेपाशी. सीमाभागात आणखी एक प्रश्न येतो, तो म्हणजे हवेबरोबर आत काय येते याचा.

बोर्डांची मापे

आजच्या मापांचे मूळ इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मानकात आहे. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिमी असतो आणि त्याच्या कॅबिनेटला मागे सात कार्डांची जागा असते. १९९७ चा मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ × २४४ मिमी, चार कार्डांचा. व्हिया या तैवानी कंपनीने २००१ मध्ये आणलेला मिनी-आयटीएक्स १७० × १७० मिमी, एकाच कार्डाचा. तिन्हींची पोर्टांकडची मागची कड आणि तिच्याजवळची स्क्रूची भोके जुळती ठेवलेली आहेत, म्हणून मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो. ‘ई-एटीएक्स’ या नावावर मात्र विसंबू नये. सर्व्हरकडून आलेले मूळ माप ३०५ × ३३० मिमी आहे, पण २७०-२७७ मिमी रुंदीचे बोर्डही त्याच नावाने विकले जातात. तिथे नाव नव्हे, मिलिमीटर वाचावेत.

स्वस्त मायक्रो-एटीएक्स बोर्डांत उलटी गंमत असते. ते बरेचदा २४४ मिमी रुंद नसतातच. दोनशेच्या आतबाहेर अरुंद असतात. मग उजव्या कडेला स्क्रूची भोके उरत नाहीत, ती कड अधांतरी राहते, आणि वीजपुरवठ्याची २४ पिनी जाड वायर नेमकी त्याच कडेला खोचायची असते. अंगठ्याचा जोर दिला की बोर्ड डोळ्यांदेखत वाकतो. म्हणून वायर खोचताना दुसऱ्या हाताची बोटे कडेखाली आधाराला धरावीत. प्रोसेसर, कूलर आणि रॅम तर बोर्ड टेबलावर असतानाच बसवून घ्यावेत.

बोर्ड पत्र्यापासून साधारण साडेसहा मिमी वर धरणाऱ्या पितळी खुंट्यांना स्टँडऑफ म्हणतात. पूर्ण एटीएक्सला त्या नऊ लागतात, मिनी-आयटीएक्सला चार. जुन्या कॅबिनेटमध्ये नवा लहान बोर्ड बसवताना आधीची एखादी खुंटी काढायची राहून जाते आणि ती बोर्डाच्या पाठीवरच्या डाखांना टेकते. बटण दाबले की पंखा अर्धीपाव फेरी घेऊन थांबतो. अशा वेळी संशय पहिल्यांदा एसएमपीएसवर (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) जातो, तो बदललाही जातो, आणि पंखा पुन्हा तसाच थांबतो. बोर्ड बसवण्याआधी भोके आणि खुंट्या समोरासमोर मोजण्यास एक मिनिट पुरते.

कॅबिनेटची आतली मापे

प्रोसेसरवर उभा बसणारा टॉवर कूलर बहुधा १५० ते १६५ मिमी उंच असतो. त्याला साधारण २१० मिमी रुंदीचे कॅबिनेट लागते; १७०-१८० मिमीच्या अरुंद कॅबिनेटमध्ये बाजूचा पत्रा लागतच नाही. ग्राफिक कार्डासाठी कॅबिनेटवर ३३० मिमी लिहिलेले असले, तरी पुढे पाण्याच्या कूलरचा रेडिएटर (पाणी थंड करणारी जाळी) लावल्यावर त्यातून २७ मिमी जातात, आणि तो आकडा पंख्यांशिवायचा असेल तर आणखी २५. नव्या मोठ्या कार्डांच्या १६ पिनी वायरला कनेक्टरपासून ३५ मिमी तरी सरळ जागा हवी. पत्रा दाबून वायर मुडपली तर आतल्या पिना नीट टेकत नाहीत आणि कनेक्टर वितळण्याची भीती असते. रेडिएटर वर लावायचा असेल तर पंख्यासह ५२ मिमी जाडी धरावी व उंच पत्र्याची रॅम टाळावी; साधी पट्टी सुमारे ३१ मिमीची असते. पाणी फिरवणारा पंप रेडिएटरच्या वरच्या टोकाहून उंच येऊ देऊ नये, नाहीतर आतली हवा पंपात साठून तो गुरगुरतो.

लहान कॅबिनेट दिसायला छान, पण मिनी-आयटीएक्स बोर्ड महाग आणि त्याचा लहान मापाचा एसएफएक्स एसएमपीएस (१२५ × १०० × ६३.५ मिमी) बेळगावात बिघडला तर बदली मिळेपर्यंत थांबावे लागते. साध्या एटीएक्स एसएमपीएसचे (१५० × ८६ मिमी, खोली बहुधा १४०) तसे नाही. हिशेबाचे, डीटीपीचे किंवा शाळेचे काम असेल, तर मध्यम कॅबिनेट आणि मायक्रो-एटीएक्स बोर्ड हाच शहाणा सौदा.

उष्णता आणि हवा

संगणक जेवढी वीज घेतो ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीत येते. किती हवा खेळवावी लागेल याचा ढोबळ हिशेब असा: वॅटला तीनने गुणावे आणि बाहेर पडणारी हवा आत येणारीपेक्षा किती अंश गरम चालेल त्या आकड्याने भागावे, उत्तर ताशी घनमीटरमध्ये येते. ४०० वॅटच्या यंत्राला दहा अंशांच्या फरकासाठी १२० घनमीटर, म्हणजे सुमारे ७० सीएफएम (मिनिटाला घनफूट). एका १२० मिमी पंख्याच्या खोक्यावर एवढा आकडा छापलेला असू शकतो, पण तो मोकळ्या हवेतला. जाळी, फिल्टर आणि वायरींच्या गुंत्यातून तो निम्म्यावर येऊ शकतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने तिथली हवा सात-आठ टक्के विरळ. पंखा तेवढेच आकारमान ढकलतो, पण उष्णता थोडी कमी नेतो. बीदरच्या उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर पारा गेल्यावर हा फरक किरकोळ वाटतो. कूलरच्या चाचण्या मात्र बहुधा २१ ते २५ अंशांच्या खोलीत घेतलेल्या असतात. मेमधल्या बंद दुकानासाठी त्या आकड्यांत दहा-बारा अंश सरळ मिळवावेत.

पुढून दोन १२० मिमी पंखे आत, मागून एक बाहेर, एवढी मांडणी बहुतेकांना पुरते. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या काड्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. शंका असल्यास जाळीसमोर उदबत्ती थोडी लांब धरावी: धूर आत ओढला जायला हवा. पुढे पूर्ण काच आणि कडेला बोटभर फट असलेल्या कॅबिनेटमध्ये तो तिथेच घुटमळतो, मग आतले रंगीत दिवे कितीही झगमगोत. सोपी कसोटी अशी: तेच काम वीस मिनिटे पत्रा लावून आणि वीस मिनिटे काढून चालवावे व प्रोसेसरचे तापमान पाहावे. फरक पाच अंशांहून अधिक असला तर हवा आत यायची वाट अपुरी आहे. म्हणून पत्रा कायमचा काढून ठेवणे हा उपाय नव्हे. उघड्या कॅबिनेटमध्ये पाली, झुरळे शिरतात.

प्रोसेसरजवळच्या वीजपुरवठ्याच्या भागाकडे, म्हणजे व्हीआरएमकडे, कोणी पाहत नाही. कंपनीचा साधा कूलर हवा खाली फेकतो, ती आपोआप या भागावरून जाते. त्याच स्वस्त, उष्णताशोषक पट्ट्या नसलेल्या बोर्डावर पाण्याचा कूलर बसवला की प्रोसेसर थंड दिसतो, पण व्हीआरएम तापून प्रोसेसरचा वेग अचानक पडतो. ६५ वॅटच्या प्रोसेसरला असे बोर्ड चालतात. त्यावर मोठा प्रोसेसर चढवणे ही बचत नव्हे.

धूळ, दमट हवा आणि जागा

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा किंचित जास्त ठेवली की फटींतून धूळ ओढली जात नाही. मात्र हवा आत घेणाऱ्या पंख्यांवर फिल्टर हवा. वडगाव, खासबाग, शहापूरच्या यंत्रमागांच्या वस्तीत सुताचे बारीक तंतू फिल्टरवर गोधडीसारखे बसतात. तिथे चुंबकाने चिकटणारी बाहेरची जाळी बरी, ती आठवड्याला झटकता येते. निपाणीत तंबाखूची बारीक धूळ जाळीतूनही जाते. उद्यमबागेतल्या फाउंड्री व लेथ कारखान्यांचे प्रकरण वेगळे: लोखंडाची भुकटी वीजवाहक, वर मशीनच्या तेलाचा तवंग, त्यामुळे ती बोर्डावर चिकटून शॉर्ट करते. तिथे पंखे वाढवणे म्हणजे भुकटी ओढणे. कमी वॅटचे यंत्र काचेच्या केबिनमध्ये ठेवून लांब केबलने मॉनिटर बाहेर आणावा.

खानापूरच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पावसाळाभर, आणि कारवारला खाऱ्या वाऱ्याने वर्षभर, रॅमच्या पिनांवर काळपटपणा येतो. यंत्र चालू होते पण पडद्यावर काही येत नाही. प्लग काढून, रॅम बाहेर घेऊन पिना पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात व भुगा ब्रशने झटकावा. रोज तासभर चालू राहणारे यंत्र आतून कोरडे राहते.

कॅबिनेट जमिनीवर, सतरंजीवर ठेवू नये. तळाचा एसएमपीएस खालून हवा घेतो आणि केरसुणीची धूळही. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरावीत, नाहीतर ती भन्नाट फिरून बेअरिंग जाते. पत्र्याला हात लावताच झिणझिण्या आल्या तर दोष बहुधा कॅबिनेटचा नसतो, भिंतीतल्या अर्थिंगचा असतो. कोल्हापूर किंवा हुबळीहून जोडलेले यंत्र गाडीने आणायचे असेल तर ग्राफिक कार्ड आणि जड टॉवर कूलर काढून वेगळे बांधावेत, आणि कॅबिनेट बोर्ड तळाशी येईल असे आडवे ठेवावे.