रक्त येतं, तिथेच ब्रश फिरवा

ब्रश करून थुंकल्यावर पांढऱ्या फेसात एक गुलाबी रेघ दिसते. आरशासमोर खालचा ओठ ओढून पाहिलं, तर दोन दातांच्या मधलं हिरडीचं टोक जरा फुगलेलं, लालबुंद आणि चकचकीत दिसतं. त्या दिवसापासून ब्रश त्या जागेला वळसा घालून जायला लागतो. दुखऱ्या जागेला धक्का लावू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. हिरडीच्या बाबतीत मात्र याच जपण्याने दुखणं वाढतं, आणि हे वेळेवर कुणी सांगत नाही याची मला फार हळहळ वाटते.

हिरडी दाताला अगदी वरपर्यंत चिकटलेली नसते. तिची कड आणि दात यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. निरोगी तोंडात तिची खोली 1 ते 3 मिलिमीटर असते. सकाळी उठल्याउठल्या दाताच्या मुळाशी नखाने हलकेच खरवडलं तर नखात पांढरट, चिकट लगदा येतो. तोच प्लाक. तो अन्नाचा कण नसून जिवाणूंची दाट वस्ती असते. स्वतः भिंगं घासून सूक्ष्म जीव पाहणारे डच संशोधक आंतोनी व्हान लेवेनहुक यांनी 1683 मध्ये आपल्याच दातांवरचा हा लगदा भिंगाखाली ठेवला आणि त्यात वळवळणारे जीव पाहून ते थक्क झाले. दात कितीही घासून लख्ख केला, तरी काही मिनिटांत त्यावर लाळेतल्या प्रथिनांचा पातळ थर बसतो आणि काही तासांत जिवाणू त्यावर पुन्हा बस्तान मांडू लागतात.

हा थर हिरडीच्या कडेला दिवसेंदिवस तसाच राहिला की शरीर प्रतिकाराला लागतं. तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पांढऱ्या पेशी बाहेर पडतात, हिरडी सुजते. खाचेच्या आतलं नाजूक अस्तर पातळ होतं आणि जागोजागी सोलवटतं. त्याच्या लगेच मागे रक्ताने भरलेल्या केशवाहिन्या असतात. मग ब्रशच्या मऊ केसाचा स्पर्शही पुरतो. आपण ब्रशला दोष देतो, पण जखम आधीपासूनच आत असते.

हे खरं कशावरून? दंतसंशोधक हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये केलेला प्रयोग 1965 साली प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना त्यांनी दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. कुणाच्या हिरड्या 10 दिवसांत सुजल्या, कुणाच्या 21 दिवसांत, पण सुटला एकही नाही. मग सगळ्यांनी पुन्हा नीट दात घासायला सुरुवात केली आणि हिरड्या पूर्ववत झाल्या. औषध नाही, इंजेक्शन नाही. मला या प्रयोगातला हा दुसरा भाग फार मोलाचा वाटतो. सूज या पायरीवर असेल तर ती पूर्णपणे मागे फिरते.

म्हणून जिथून रक्त येतं तिथे ब्रश जायलाच हवा, मात्र हलक्या हाताने. मऊ केसांचा ब्रश घ्या. तो दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर साधारण 45 अंशांत तिरपा धरा, म्हणजे केसांची टोकं खाचेच्या तोंडाशी पोचतील. मग जागच्या जागी अगदी थोडंसं हलवा. भांडं घासल्यासारखा जोर लावला तर हिरडी खरोखरच सोलली जाते आणि कालांतराने खाली सरकते. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. दोन दातांच्या फटीत ब्रश शिरतच नाही आणि सूज बहुतेक वेळा तिथेच सुरू होते. त्यासाठी फ्लॉस म्हणजे दातांच्या फटीतून फिरवायचा बारीक दोरा किंवा फटीत जाणारा छोटा ब्रश रोज एकदा वापरा. पहिले काही दिवस रक्त येईल, कदाचित नेहमीपेक्षा जास्तच. घाबरून थांबू नका. आठवडा-दोन आठवड्यांत ते कमी होत जायला हवं.

नाही झालं, तर बहुधा तिथे किटण असतं. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट प्लाकमध्ये मुरून तो दगडासारखा घट्ट होतो. खालच्या पुढच्या दातांच्या मागे जीभ फिरवून पाहा. तिथे खरखरीत लागत असेल तर ते किटण. लाळेच्या नळ्या तिथेच जवळ उघडतात, म्हणून ते तिथे लवकर साठतं. ते ब्रशने निघत नाही, दंतवैद्याकडे जाऊन ते खरवडून काढून घ्यावं लागतं, म्हणजेच स्केलिंग करावं लागतं. स्केलिंगने दात सैल होतात, ही भीती अनेकांच्या मनात घट्ट बसली आहे. प्रत्यक्षात किटणाने भरलेली जागा मोकळी होते, हिरडीची सूज उतरते आणि झाकली गेलेली फट दिसू लागते.

सूज वर्षानुवर्षं राहिली, तर काही जणांमध्ये ती खोल उतरते. दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं आणि खाच 4 मिलिमीटर किंवा त्याहून खोल होते. यालाच आपण पायोरिया म्हणतो. तो बहुतेकदा दुखत नाही आणि गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. धूम्रपान करणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहावं. तंबाखूच्या धुराने हिरडीची रक्तस्रावाची खूण दबते, त्यामुळे आतून हाड झिजत असतानाही बेसिनमधला फेस पांढराच राहतो.

कधी कधी प्लाक थोडाच असतो, पण शरीर त्याला जास्त जोराने प्रतिसाद देतं. गरोदरपणात संप्रेरकांमुळे असं होतं. मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणंही जड जातं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्त सहज येतं, रक्तदाबावरच्या ॲम्लोडिपिन किंवा फिट्सवरच्या फेनिटॉइनसारख्या औषधांनी काहींच्या हिरड्या वाढतात. यातली कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

क जीवनसत्त्वाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. ब्रिटिश नौदलातले डॉक्टर जेम्स लिंड यांनी 1747 मध्ये स्कर्व्ही, म्हणजे या जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, झालेल्या 12 खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले, तेव्हा संत्री आणि लिंबं मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. क जीवनसत्त्वाशिवाय शरीराला पक्कं कोलॅजन, म्हणजे ऊतींना घट्ट बांधून ठेवणारं प्रथिन, बनवता येत नाही आणि हिरडी ढिली पडते. पण स्कर्व्ही नसताना नुसत्या गोळ्या घेऊन प्लाक हटत नाही. माउथवॉशचंही तसंच. त्यातलं क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक काही दिवस उपयोगी पडतं, जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि किटण तर त्याने अजिबात निघत नाही.

काही लक्षणं मात्र वेगळी असतात. हात न लावता हिरडीतून रक्त झिरपणं, अंगावर कारण नसताना काळेनिळे डाग, नाकातून रक्त, सोबत ताप किंवा थकवा. अशा वेळी बिंबिका म्हणजे प्लेटलेट कमी झालेल्या असू शकतात किंवा रक्ताचा आजार असू शकतो, म्हणून आधी डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घ्या, तीही त्याच दिवशी.

एरवी दंतवैद्याकडे जाल तेव्हा चालू औषधांची यादी सोबत न्या आणि कोणत्या दाताशी खाच किती मिलिमीटर आहे ते विचारून लिहून ठेवा. पुढच्या भेटीत तेच आकडे पुन्हा मोजले, की हिरडी सुधारते आहे की बिघडते आहे, हे तुम्हाला स्वतःलाच कळेल.